दीड मिलिमीटर कोळसा

“बाई, हॉर्न ऐकू नाही आला का?” ट्रकवाला खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडला, आणि मी म्हणाले, “आला.”

ट्रक मागे मागे येत होता आणि मी त्याच्या बरोबर मागे उभी होते. त्याच्या फळक्यात आणि माझ्या पोटात माझी पर्स अडकली होती. अंतर म्हणावं तर तेवढंच. “आला तर मग सरकायचं ना बाजूला! उभ्या काय राहिलात, फोटो काढायचाय?” तो म्हणाला. त्याचं चुकलं नव्हतं. कोपऱ्यावरचा फळवाला हातातलं फडकं तसंच धरून धावत आला. “तीनदा वाजवला त्यानं. अख्ख्या गल्लीनं ऐकला. ताई, तुम्ही होतात कुठे?” मी दीड मिलिमीटरमध्ये होते, पण असं भर रस्त्यात सांगता येत नाही. मी पर्स उघडून मापं घ्यायला जवळ ठेवलेला जादा छोटा स्पीकर शाबूत आहे का ते आधी पाहिलं आणि मग स्वतःचे हातपाय पाहिले. या क्रमाचं नंतर वाईट वाटलं. पण त्याहून वाईट वाटलं ते त्या ‘आला’चं. मला काहीही ऐकू आलेलं नव्हतं. एकदाही नाही, तीनदा तर नाहीच. आणि तरी तो शब्द विचारल्याबरोबर बाहेर पडला, जणू चपला घालून दाराशी तयारच बसला होता. खोटं बोलायला माणसाला थोडा तरी वेळ लागतो, जीभ एकदा टाळूला लागते, डोळे इकडेतिकडे होतात. मला तेवढाही लागला नाही. ट्रक निघून गेला, फळवाल्यानं मला त्याच्या खोक्यावर बसवून पाणी दिलं, आणि पाणी पिताना मला आठवलं की हा शब्द मी याआधीही असाच, याच चपळाईनं वापरला आहे. एकदाच. तेव्हा मी दहा वर्षांची होते.

मी श्रवणयंत्रांच्या दुकानात काम करते. म्हणजे दिवसभर लोकांना हेच विचारते, ऐकू आलं का. आमच्याकडे एक काचेची खोली आहे. आत माणूस बसवायचा, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात एक बटण द्यायचं. बारीक आवाज वाजला की बटण दाबायचं, इतकं सोपं. पण माणसं वाजलं नाही तरी दाबतात. लाजेनं दाबतात, घाईनं दाबतात, सोबत आलेली सून बाहेरून बघत असते म्हणून दाबतात. म्हणून आम्ही मध्येच काहीही न वाजवता थांबतो. त्या मोकळ्या जागेत जो बटण दाबतो तो सापडतो. त्या दिवशी मी दुकानात पोचले तेव्हा एक आजोबा बसलेच होते. मोकळ्या जागेत त्यांनी चार वेळा दाबलं. “आजोबा, आत्ता कुठे काय वाजलं?” मी विचारलं. ते म्हणाले, “तू एवढी वाट बघत होतीस, म्हटलं वाजलं असेल.” एरवी मी हसले असते. त्या दिवशी माझा पेन हातातून सुटला आणि टेबलाखाली जाऊन पडला, आणि तो काढायला वाकले तशी वर यावंसंच वाटेना.

दुपारी दुकानात कोणी नव्हतं. मी त्या काचेच्या खोलीत स्वतःच जाऊन बसले. यंत्राला आपलं आपण चालायला सांगता येतं. सगळे आवाज आले. अगदी बारीकातले बारीक, डासाच्या पंखाएवढेही. कागद बाहेर आला त्यावर पंचविशीतल्या मुलीचे कान होते. बावन्नाव्या वर्षी माझ्याकडे पंचविशीचं उरलेलं एवढंच. खरं तर यावर मला हायसं वाटायला हवं होतं. पण कान बिघडलेले निघाले असते तर ते बरं पडलं असतं. मग ट्रकचा हॉर्न का नाही आला? मी आठवून पाहिलं. फूटपाथवरून उतरले तेव्हा मी मनात मोजत होते. स्पीकरची उंची, त्यावर त्याच्या डब्याची उंची, त्यातून पेटीची खोली वजा. दरवेळी दीड मिलिमीटर उरत होता आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते. म्हणजे असं आहे तर. मोजत असले की मला ऐकू येत नाही. बावन्न वर्षं ज्या डोक्यात राहतेय त्याची ही खोली मला माहीतच नव्हती.

दीड मिलिमीटरचं सांगायला हवं. मी छोटी इंजिनं बनवते. खेळणी नव्हेत, खेळणी म्हटलं की आमच्या मंडळातली माणसं दुखावतात. खऱ्या इंजिनाचा शहात्तरावा भाग, ना कमी ना जास्त. शिकवलं कोणी नाही. बिघडलेली श्रवणयंत्रं उघडता उघडता हात बारीक कामाला बसला आणि मग एका जुन्या अंकातली चित्रं बघून पितळ कापायला लागले. पहिलं इंजिन इतकं वाकडं झालं की ते रुळांवर न चालता रुळांशी भांडायचं. आता मंडळात लोक माझ्याकडे विचारायला येतात. या मंडळात दोन पंथ आहेत, मापवाले आणि आवाजवाले. मापवाल्यांचं म्हणणं, रिव्हेटची रांग मोजून बरोबर आली पाहिजे, इंजिन मुकं असलं तरी चालेल. नाही तरी वाफेचा आवाज शहात्तर पटीनं लहान करून कोणी दाखवावा. आवाजवाल्यांचं म्हणणं, डोळे मिटून ओळखू आलं पाहिजे, मग आतली केबिन पोखरून स्पीकर कोंबला तरी चालेल. चहाच्या वेळीसुद्धा हे दोन टेबलांवर बसतात. मी दोन्हीकडे बसते, म्हणून माझ्यावर दोघांचाही विश्वास नाही. कारण मला दोन्ही हवं असतं. आणि दोन्ही एका छोट्या इंजिनात मावत नाही. बॉयलरमध्ये शिसं भरावं लागतं, नाही तर चाकं जागच्या जागी घसरतात. त्याच्या मागे मोटर. मोटरच्या वर डीकोडर, म्हणजे नखाएवढी एक पट्टी, जी रुळांतून आलेला हुकूम वाचते, मोटर फिरवते आणि साठवलेले आवाज बाहेर काढते. आणि मग स्पीकर, खडीसाखरेच्या खड्याएवढा. तो नुसता ठेवून भागत नाही. त्याच्यामागे हवाबंद डबा लागतो आणि डबा जितका खोल तितका आवाज भरीव. डबा नसला तर वाफेचं इंजिन डास होतं.

हे इंजिन यार्डातलं, डबे इकडून तिकडे करणारं. याला वेगळा कोळशाचा डबा नसतो. केबिनच्या पाठीलाच कोळशाची पेटी. ड्रायव्हरला मागे जायचं तर पेटीच्या वरून बघावं लागतं. स्पीकर बसण्यासारखी जागा तेवढीच, ती पेटी. आणि स्पीकरचा डबा दीड मिलिमीटर वर येत होता. कॅलिपरकाकांना मी फोनवर विचारलं. काका म्हणजे मंडळाचे परीक्षक, आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली, खिशात पेनाऐवजी कॅलिपर ठेवतात आणि लग्नात भेटले तरी नवरीच्या अंगठीची जाडी सांगतात. ते स्वतः कट्टर मापवाले. पण म्हणाले, “अगं, त्यावर कोळसा चढव. पेटीचं ड्रॉइंग असतं, कोळशाचं नसतं. कोळसा कोण मोजतं?” मी खरा कोळसा कुटून, चाळून, डिंकात बसवला. सुंदर दिसला. डब्याचा मागमूस नाही. आणि तेव्हापासून मला झोप नव्हती. कारण दीड मिलिमीटर गुणिले शहात्तर म्हणजे एकशे चौदा मिलिमीटर, म्हणजे साडेचार इंच. आणि त्या साडेचार इंचांची एकदा चौकशी झालेली आहे. कारण हे इंजिन बाबांचं आहे.

यार्डाच्या कुंपणाला लागून क्वार्टरांची रांग होती आणि मागच्या अंगणातून रूळ दिसायचे. आमच्या शेजारी सांधेवाला राहायचा. एका रुळावरून दुसऱ्या रुळावर गाडी वळवायचा लोखंडी दांडा ओढणं हे त्याचं काम. त्याची मुलगी माझ्या वर्गात होती. तिचे केस कधी विंचरलेले नसत म्हणून सगळे तिला झिपरी म्हणत. मीही म्हणायची, आणि ती मला मोजणी म्हणायची, कारण मी जिन्याच्या पायऱ्या, भिंतीवरचे खिळे, जेवताना घास, सगळं मोजायची. त्या दुपारी दोरीचं एक टोक कुंपणाच्या खांबाला बांधलेलं होतं, दुसरं झिपरीच्या हातात, आणि मी मध्ये उड्या मारत होते. माझा उच्चांक चाळीसचा होता. त्या दिवशी मी सत्तेचाळिसावर पोचले होते आणि झिपरीचं तोंड माझ्यापेक्षा जास्त उजळलं होतं. सत्तेचाळीस आणि अठ्ठेचाळीसच्या मध्ये किंकाळी आली. दोरी माझ्या पायांना लागून थांबली. बाबांचं इंजिन मागे येत होतं आणि सांधेवाला दांड्यापाशी पाठमोरा होता. जीव वाचला. एक पाय गेला.

तिसऱ्या दिवशी चौकशीचे साहेब आले. त्यांनी केबिनमध्ये उभं राहून टेप लावून मोजलं की ड्रायव्हरच्या डोळ्यांना मागचं किती फुटांवरून दिसतं. कोळसा पेटीच्या काठाला सपाट असेल तर माणूस तीस फुटांवरून दिसतो. वर चढवलेला असेल तर दिसतच नाही. पण तीन दिवसांत तो कोळसा जळून गेला होता. भट्टीत कोळसा टाकणारा आगवाला म्हणाला, सपाट होता. बाबा म्हणाले, आठवत नाही. मग राहिली शिट्टी. मागे जाताना दोन छोट्या शिट्ट्या द्यायच्या, असा नियम. आगवाला म्हणाला दिली. पण आगवाला बाबांचाच. सांधेवाल्याला काही आठवत नव्हतं. मग साहेब बाबांना घेऊन आमच्या घरी आले, कारण आमचं अंगण सगळ्यात जवळ. आईनं मला पुढे केलं. तिचा हात माझ्या पाठीवर होता. तो ढकलत होता की थोपटत होता हे मी तेव्हापासून हजार वेळा आठवून पाहिलंय. साहेबांचा आवाज चांगला होता. “बाळ, शिट्टी ऐकू आली होती?” मी म्हणाले, “आली.” त्यांनी वहीत लिहिलं. एवढंच. स्वयंपाकघराच्या दारात झिपरी ताटली धरून उभी होती. तिची आई दवाखान्यात, म्हणून ती त्या दिवसांत आमच्याकडेच जेवायची. तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, उड्या मोजताना मी एखादा आकडा गाळला की बघायची तसं. तिला कोणी काही विचारलं नाही. ती तर मोजत नव्हती, तिचे कान रिकामे होते. शिट्टी दिलेली असूनही सांधेवाला बेसावध राहिला, असं कागदावर आलं. त्याचं काम गेलं, क्वार्टर गेलं, आणि एका सकाळी त्यांच्या अंगणात फक्त चुलीचा काळा गोल उरला. दोरी आमच्याकडेच राहिली. ती आईनं पुढे कपडे वाळत घालायला बांधली.

बाबा पुढे बावीस वर्षं तेच इंजिन चालवून, वाफेची सद्दी संपल्यावर डिझेलवर बसून, निवृत्त झाले. आई गेली. ते माझ्याकडे आले त्याला आता नऊ वर्षं झाली. त्या दुपारबद्दल आम्ही कधी बोललो नाही. अगदी कधीच नाही असं नाही. एकदा टीव्हीवर कुठलासा अपघात दाखवत होते तेव्हा ते म्हणाले, “बंद कर,” आणि मी बंद केला. आमच्या घरात याला बोलणं म्हणतात. आता त्यांच्या डोळ्यांत मधोमध डाग पडलाय. कडेचं दिसतं, समोरचं पुसलेलं. मला बघायचं असेल तर ते माझ्या बाजूच्या भिंतीकडे बघतात. म्हणूनच मला वाटलं होतं की त्यांच्यासाठी आवाज महत्त्वाचा. माप त्यांना कुठे दिसणार. एका संग्रहालयात याच जातीचं इंजिन वर्षातून एकदा पेटवतात. तिथे दोन दिवस मायक्रोफोन घेऊन मी धुरात उभी राहिले. चालण्याचे भकभक आवाज घेतले, ब्रेकचा घेतला, शिट्टी तर अकरा वेळा घेतली. आणि नुसतं उभं असतानाचाही आवाज घेतला, कारण तिथला साहाय्यक म्हणाला, घ्या हो, फुकट आहे. मग डीकोडरमध्ये मी एक गोष्ट केली जी कोणालाच सांगितली नव्हती. इंजिनाला मागे जायचा हुकूम मिळाला की आधी दोन शिट्ट्या आपोआप वाजतात आणि मगच चाकं फिरतात. बटणाची गरज नाही, विसरायची सोय नाही. माझ्या इंजिनाला शिट्टी न देता मागे जाताच येत नव्हतं. हे करून झाल्यावर मला फार शांत वाटलं होतं. आणि त्यावर मग कोळसा चढला, साडेचार इंच, आणि सगळी शांतता गेली. म्हणजे माझ्या हातानं मी काय बनवलं होतं? शिट्टी दिली, हे माझं खोटं. आणि दिसत नव्हतं, हे कोणाचंच सिद्ध न झालेलं खरं. रविवारी प्रदर्शन. शुक्रवारपर्यंत मंडळाचा फॉर्म भरून द्यायचा. त्यात एक रकाना आहे, मूळ मापापासून फारकत असल्यास नमूद करावी, आणि खाली सही, वरील माहिती खरी आहे. आठवडाभर तो फॉर्म कोरा माझ्या पर्समध्ये होता. त्या दिवशी ट्रकनं पर्स दाबली तेव्हा तोही आत होता.

मी दुकानातून लवकर निघाले. बसमधून उतरून नेहमीचा जवळचा रस्ता सोडला आणि लांबून गेले. वाटेत प्रत्येक गाडीचा हॉर्न ऐकायचा प्रयत्न केला. सगळे आले. जिना चढताना लक्षात आलं की आज मी पायऱ्या मोजत नाहीये, आणि लक्षात आल्याबरोबर मोजायला लागले. दार उघडलं. ऊन माझ्या कामाच्या खोलीत टेबलापर्यंत आलेलं होतं. त्या खोलीला मी रोज कडी लावून जाते. त्या दिवशी सकाळी दीड मिलिमीटरच्या नादात कडी राहिली होती. टेबलाशी बाबा बसले होते आणि त्यांच्या दोन्ही हातांत इंजिन होतं.

“मापारीणबाई, आज लवकर?”

“बाबा, ते खाली ठेवा. नाजूक आहे.”

“नाजूक काय नाजूक. दोन तास हातात आहे, एक दांडा वाकलाय का बघ.” त्यांनी ते पुढे केलं नाही. “डावीकडची पायरी वाकलेली केलीस. ड्रॉइंगमध्ये नसेल ती तशी.”

“नाहीये. तुम्हीच सांगितलं होतं कधीतरी. पाणी घ्यायच्या खांबाला घासली म्हणून.”

“मी घासली नव्हती. माझ्या आधीच्यानं.” मग पायरीवरून बोट फिरवत, “माझं आहे हे.” त्यांनी विचारलं नाही, सांगितलं. आठवडाभर मी या क्षणाची तालीम करत होते. त्यात ते उद्घाटनाला खुर्चीवर बसलेले होते, फुलंबिलं होती. इथे ते बनियनवर होते आणि टेबलावर माझा सकाळचा उष्टा कप होता. त्यांचा अंगठा केबिनच्या छतावरून मागे आला, पेटीच्या काठावर थांबला, आणि कोळशावर चढला. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते, त्यांना आता बोटांनी दिसेल. मी ते सांत्वन समजले होते.

“कोळसा जास्त आहे.”

“खाली स्पीकर आहे, बाबा. बसतच नव्हता. दीड मिलिमीटर वर येत होता म्हणून मग...”

“खऱ्यात किती?”

“साडेचार इंच.”

त्यांनी दुसऱ्या हाताची बोटं हवेत आडवी धरली, चार आणि वर थोडं, आणि त्या बोटांवरून पलीकडे बघितलं. म्हणजे माझ्या बाजूच्या भिंतीकडे. “एवढाच होता,” ते म्हणाले.

कधी, हे विचारायची गरज नव्हती. काहीतरी करायला हवं म्हणून मी त्यांच्या हातातून इंजिन घेतलं, फळीवर ठेवलं. फळी दीड मीटरची, तिच्यावर रूळ, मध्ये एक सांधा, सांध्यापाशी बोटाच्या पेराएवढा एक माणूस, पाठमोरा. तो तिथे ठेवू की नको यात माझा एक महिना गेला होता. कंट्रोलर हातात घेतला आणि मूर्खासारखी म्हणाले, “आवाज ऐका.” इंजिन पुढे गेलं. भकभक खरंच छान होती, त्या पेटीतून भरीव येत होती. बाबांची मान ठेक्यावर हलली. मग मी त्याला मागे घेतलं, आणि दोन छोट्या शिट्ट्या वाजल्या.

“तू दाबलंस?”

“नाही. आपोआप. मागे जाताना वाजणारच. चुकायचं नाही.”

“वा,” बाबा म्हणाले. “मग ड्रायव्हर कशाला?”

मी इंजिन थांबवलं. खाली कोणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. सहाव्या लाथेला ती सुरू झाली. मग बाबांनी फार हळू, जणू चष्मा कुठे ठेवलाय असं विचारावं तसं विचारलं, “मी वाजवली होती का गं तेव्हा?”

“मला काय विचारता, बाबा?”

“मग कोणाला विचारू? शिट्टीच्या दोरीकडे हात गेल्याचं आठवतं. ओढल्याचं नाही. तेव्हाही नव्हतं आठवत. मी साहेबाला सांगणार होतो, नक्की सांगता येत नाही म्हणून. तेवढ्यात तू म्हणालीस, आली. म्हटलं पोरगी म्हणते म्हणजे ओढली असेल. ती सगळं मोजूनमापून बोलते.” ते हसले नाहीत. “तेव्हापासून ओढल्याचं थोडं थोडं आठवायलाही लागलं.”

इतकी वर्षं मला एकच भीती होती, की हा विषय निघेल. त्यांना माहीत आहे की शिट्टी नव्हती, आणि हेही की मीच खोटं बोलून त्यांना वाचवलं, आणि विषय निघाला की ते माझ्यासमोर मान वर करू शकणार नाहीत. माझ्या भीतीत बाबा सगळं जाणणारे होते. ते माझ्या शब्दावर बेचाळीस वर्षं उभे असतील, हे माझ्या कुठल्याच मापात बसलेलं नव्हतं. काचेच्या खोलीतले आजोबा आठवले. तू वाट बघत होतीस, म्हटलं वाजलं असेल. आताही वाट बघणारं कोणीतरी समोर होतं, आणि तो शब्द चपला घालून दाराशी आलाच होता.

“नाही ऐकली, बाबा,” मी म्हणाले.

त्यांनी टेबलाची कड धरली. मी घाईघाईनं बोलत सुटले. “म्हणजे वाजली नाही असंही नाही. मी मोजत होते. मोजताना मला ऐकू येत नाही, हे मला आजच कळलं. ट्रकनं तीनदा हॉर्न वाजवला, अख्ख्या गल्लीला आला, मला नाही. त्यामुळे वाजली असेलही.”

“आणि नसेलही.”

“नसेलही.”

“ट्रक? लागलं तुला?”

“नाही.”

“हं.” त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवून ते खरंच शाबूत आहे का चाचपलं. मग म्हणाले, “म्हणजे मी तुझ्या भरवशावर आणि तू माझ्या. कोळसा कोणीच टाकला नाही आणि गाडी मात्र चालली.” या वेळी ते हसले, आणि ते हसू घशात कुठेतरी अडकून खोकल्यासारखं बाहेर आलं. मी पाणी द्यायला उठले तर म्हणाले, “बस. आधी ती शिट्टी काढ.”

“आणि कोळसा?”

“कोळसा असू दे. तो बरोबर आहे.”

डीकोडरमधल्या एका खान्यातला एक आकडा शून्य केला की झालं. माझ्या आयुष्याचं जे सगळ्यात मोठं यंत्र होतं ते बंद करायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. मी कंट्रोलर बाबांच्या हातात दिला. त्यांचं बोट धरून चाकी दाखवली, मागेपुढेचा खटका दाखवला, शिट्टीचं बटण दाखवलं. “आता वाजवाल तरच वाजेल.”

“सांधेवाला ठेवलायस का?”

“हो.”

“तोंड कुठे?”

“पाठमोरा.”

त्यांनी खटका मागे केला आणि चाकी फिरवली. इंजिन मागे निघालं. त्यांचा अंगठा शिट्टीच्या बटणावर होता, नुसता टेकलेला. माझ्या डोक्यात आकडे सुरू झाले, एक, दोन, चाकाचा फेरा, रुळांचा जोड. मी ते दात आवळून बंद केले. आयुष्यात पहिल्यांदा काही न मोजता ऐकत राहिले. भकभक ऐकली. जोडावरची टकटक ऐकली. बाबांचा श्वास ऐकला, त्यांच्या अंगठ्याच्या नखाचं बटणावर घासणं ऐकलं. पेराएवढा माणूस तसाच उभा होता. मी ओरडणार होते. तो प्लास्टिकचा आहे हे मला माहीत होतं आणि तरी माझ्या गळ्यात सत्तेचाळिसाव्या उडीनंतरची ती किंकाळी तयार होती. शिट्टी वाजली नाही. भकभक विरळ झाली, ब्रेक हलकासा किंचाळला, आणि इंजिन थांबलं. माणसापासून चार-पाच बोटांवर. किती, ते मी मोजलं नाही.

“दिसत नव्हतं,” बाबा म्हणाले. “आणि दिसत नसलं की थांबायचं. एवढंच असतं त्यात. साहेबानं कोळसा टेपनं मोजला. शिट्टीचं सतरा जणांना विचारलं. थांबला का नाहीस, हे एकानंही विचारलं नाही मला. मी वाट बघत होतो कोणी विचारेल म्हणून. बरीच वर्षं बघितली.” त्यांनी कंट्रोलर टेबलावर ठेवला, पण हात त्यावरच ठेवला. “जेवायची सुट्टी व्हायची होती. पाच मिनिटं राहिली होती. त्यासाठी थांबलो नाही.”

मी फळीवरच्या सांध्याकडे बघत म्हणाले, “झिपरीलाही कोणी काही विचारलं नाही. तिला नक्की माहीत असणार. ती मोजत नव्हती.”

“कुठे असते?”

“माहीत नाही.”

“शोधता येईल?”

येईल, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी म्हणाले, “बघते.” आणि पर्समधून तो फॉर्म काढला. ट्रकनं त्याला मधोमध घडी पाडली होती. फारकतीच्या रकान्यात लिहिलं: कोळसा, दीड मिलिमीटर जास्त, ज्या दिवसाचं इंजिन आहे त्या दिवसाप्रमाणे. शिट्टी, हातानं. सही केली. कॅलिपरकाका वाचून कपाळाला हात लावतील आणि दोन्ही टेबलं मिळून मला वेड्यात काढतील.

इंजिन रुळांवर उभंच होतं. थांबल्यावर थोड्या वेळानं डीकोडर आपोआप तो आवाज लावतो, उभ्या इंजिनाचा, जो मी फुकट म्हणून घेतला होता आणि घरी आल्यावर धड ऐकलाही नव्हता. बाबा पुढे वाकले, कान जवळजवळ कोळशाला लावला.

“ऐकू येतंय?” त्यांनी विचारलं.

मी लगेच उत्तर दिलं नाही. त्यांच्याशेजारी वाकले, आणि आधी ऐकलं.